कप्तानाचा ओळंबा

"पुलावरनं जावा. लई तर अर्धा तास जास्त लागंल," शहादेव आबा म्हणाले. "पात्रातनं आज न्हाई."

लखन आणि भारत गंगेपलीकडं हळदीला निघाले होते. नकाशात तिला गोदावरी म्हणतात, काठावरची माणसं गंगाच म्हणतात. अलीकडं बीड जिल्हा, पलीकडं जालना. लाईट गेलेली, म्हणून दोघं आबांच्या ओट्यावर जरा टेकले होते.

"आबा, पानी गुडघ्याएवढं हाय," लखन हसला. "का कप्तान पाय धरतो?"

"कप्तान कुनाचा पाय धरत न्हाई बे. बस खाली. माझ्या पुतण्याचं ऐक, सुग्रीवचं. मग जायचं तर जा."

आणि आबांनी सांगितलं ते असं.

गेल्या पाडव्याच्या आदल्या दिवशी सुग्रीव बायकोला आणायला निघाला. बबिता पोरीला घेऊन आठ दिवस माहेरी गेलेली, पलीकडच्या काठाला. घर नवं बांधलेलं, त्या घराची पहिली गुढी बबितानं उभारायची, एवढंच त्याच्या मनात. मोटारसायकल त्यानं अलीकडं कप्तानाच्या कबरीपाशी लावली. तिथल्या लिंबाला दोर टांगलेला असतो. दरसाल दिवाळी झाली, पाणी उतरलं, की भोई उताराची, म्हणजे पायी पार व्हायच्या वाटेची, खोली मोजतात आणि तेवढ्याच लांबीचा दोर तिथं बांधून ठेवतात. उतरणाऱ्यानं तो अंगाला लावून बघायचा. सुग्रीवनं लावला. मांडीपर्यंत. चार वाजता तो पार झाला तेव्हा पाणीही मांडीएवढंच लागलं.

"ही दोराची चाल कप्तानानं पाडली," आबा म्हणाले. "कबरीच्या दगडावर जहाजाचा लंगर कोरलाय, बघितलाव ना? माझा आज्जा सांगायचा त्याचं."

तेराव्या वर्षी आईला सोडून तो विलायतेत जहाजावर चढला. आधी हरकाम्या, मग हळूहळू अंमलदार. ब्रह्मदेशाच्या लढाईत कानाशी तोफ उडाली, एका कानानं बहिरा झाला. पण त्याचं खरं काम लढायचं नव्हतं, समुद्र मोजायचं होतं. दोराला शिशाचा ओळंबा. दोरावर जागोजागी कातड्याच्या आणि चिंध्यांच्या खुणा, म्हणजे अंधारातही बोटांना वाव कळावेत. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढं. ओळंब्याच्या बुडाला खळगा, त्यात चरबी भरायची. तळाला असेल ते चरबीला चिकटून वर यायचं. वाळू, गाळ, शिंपला. वीस वर्षं इराणच्या आखातात त्यानं हेच केलं. त्याच्या आकड्यांवर जहाजं चालली, एकही बुडालं नाही. मग सरकारनं मुंबईचं ते आरमारच मोडलं. दर्यातला माणूस जमिनीवर आला. त्याला इकडं धाडलं, गंगेत आगबोट चालंल का ते बघायला. त्यानं उन्हाळ्यात हा उतार मोजला आणि कागदावर लिहिलं, अर्धा वाव. पावसाळ्यात पुरानं तळ उकरला. कागद तोच राहिला. त्या कागदावर भरवसा ठेवून त्याची सात माणसं रात्री उतरली. एकही वर आलं नाही. त्यानंतर तो रोज रात्री मोजत सुटला. तापानं मरेपर्यंत.

"आणि मेल्यावर?" भारतनं विचारलं.

"ऐक पुढं."

सुग्रीवच्या सासरी जेवणं होईतो दहा वाजले. सासू म्हणाली, "जावईबापू, अमावस्या हाय. पहाटं जावा." बबिताही म्हणाली, "कावून एवढी घाई करताव? पुलावरनं कुनाची तरी गाडी बघू." सुग्रीव म्हणाला, "बावीस किलोमीटरचा वळसा कोन घालंल? सांजच्यालाच आलतो मी पार होऊन. ही पंधरा मिनिटांची वाट."

दहा वाजून वीस मिनिटांनी ते पाण्यात उतरले. तीन वर्षांची सायली त्याच्या खांद्यावर. तिच्या गळ्यात आजीनं घातलेली साखरेची गाठी, ती आत्ताच कुडुम कुडुम खायला लागलेली. मागं बबिता, त्याच्या सदऱ्याचं टोक धरून. आईनं नवा हिरवा चुडा भरलेला, तो चालताना वाजत होता. वरच्या अंगाला लांब कुठंतरी वाळू उपसणाऱ्या बोटीचं इंजन घुरघुरत होतं. संध्याकाळी ती बोट कुठं होती, हे सुग्रीवनं कुणाला विचारलं नाही.

पाणी गुडघ्याला लागलं. पुढं अंधारात काहीतरी पडलं. डुबुक.

मग आवाज आला. थकलेला, सपाट.

"एक वाव."

"कोन हाय बे?" सुग्रीव ओरडला. "गुडघाभर पानी हाय. डोळे गेले का तुजे?"

बबिता म्हणाली, "अहो, भोई असंल कुनी." "आसंल," तो म्हणाला आणि दहा पावलं पुढं गेला. पाणी मांडीला आलं. दोरानं सांगितलं होतं तेवढंच.

डुबुक.

"तीन वाव."

या खेपेला आवाज अगदी समोर, चार हातांवर. पण समोर कुणी नव्हतं. त्यानं उजवा पाय पुढं टाकला. पायाखाली काही लागलं नाही. कसाबसा पाय मागं घेतला. सायलीनं त्याचे केस गच्च धरले.

"मागं फिर, बबे. आल्या वाटंनं."

डुबुक. मागं.

"चार वाव."

"आत्ता तर तिथनं आलो आपुन..." बबिता म्हणाली.

डुबुक. डावीकडं. "चार."

डुबुक. उजवीकडं. "साडेचार."

तेव्हा त्याला कळलं. बोटीनं उपसलेल्या दोन खड्ड्यांच्या मधल्या वाळूच्या बांधावर ते उभे होते. चालून आलेला बांध मागं ढासळला होता. ही उरलेली वाळूही टाचेखालून हळूहळू निघत होती. त्यानं हाका मारल्या. घसा फुटेस्तोवर मारल्या. इंजन घुरघुरत राहिलं. खिशातला फोन भिजून गेलेला. पुढं जाता येईना. मागं जाता येईना. पोर खांद्यावर, म्हणून पोहता येईना.

"हलू नको. घट्ट धर मला."

"धरलंय."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "अहो, माजा पाय..."

सदरा एकदम ओढला गेला. मग सुटला.

"बबे?"

पाणी.

"बबे!"

आणि त्याच्या कमरेला मिठी बसली. मागून. घट्ट, श्वास अडकेल इतकी. त्याच्या जिवात जीव आला.

"हां. अशीच धर. सोडू नको."

ती बोलली नाही. दम राखत असेल, त्याला वाटलं. तो बोलत राहिला. गुढीला कुठली साडी लावायची ते बोलला. सासूचं ऐकायला हवं होतं, हे बोलला. माफी मागितली. मिठी ढिली झाली नाही. वाळू सरकली की ती त्याला मागं खेचायची, तोल सावरायची.

पाणी छातीला आलं. सायली झोपली. गाठीची साखर विरघळून त्याच्या मानेवर ओघळत होती.

डुबुक... डुबुक... रात्रभर. पण आकडा आता कुणी सांगत नव्हतं. मोजणारा एकाच जागी मोजत होता. उजवीकडं. पुन्हा. पुन्हा.

तांबडं फुटलं. पहाटे पाण्यावर आलेल्या भोयांनी त्यांना बघितलं. ट्यूब घेऊन आले. आधी सायलीला घेतलं. मग सुग्रीवला म्हणाले, "ये."

"आधी हिला घ्या. रातभर धरून हाय ती."

भोई एकमेकांकडं बघायला लागले.

"सुग्रीव... मागं कोन न्हाई रे."

त्यानं हात मागं नेला.

कमरेला दोर होता. डांबर फासलेला, जुनाट, अंगठ्याएवढा जाड. गाठ अशी, की गावातल्या कुठल्या भोयाला ती सुटली नाही. दोराचं दुसरं टोक उजव्या खड्ड्यात सरळ खाली गेलेलं. भोयांनी ते ओढायला घेतलं. एक वाव आला. दुसरा. तिसऱ्याला कातड्याची खूण. चौथ्यानंतर, अर्ध्या वावावर, शिशाचा ओळंबा वर आला.

बुडाच्या खळग्यात चरबी होती. ताजी.

चरबीत हिरव्या बांगडीचा तुकडा रुतलेला होता.