फांद्या न लावलेलं भोक

पटत नसेल त्याने पुढे वाचू नये. मी तिथे होते. साइमावहिनीही होती. जे झालं ते आम्ही दोघींनी डोळ्यांनी पाहिलं, आणि इतक्या वर्षांत मी त्यात पदरचा एक शब्दही घातलेला नाही.

अठ्ठावन्न सालचा जानेवारी. उत्तर मिनेसोटातलं बगळ्यांचं तळं.

संध्याकाळची वेळ.

आता सकाळी चष्मा कुठे ठेवला ते मला आठवत नाही. पण त्या संध्याकाळच्या बर्फाचा रंग आठवतो. दुधात नीळ सांडावी तसा.

रेइनो माझा थोरला भाऊ. साइमावहिनी त्याची बायको. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्याला पातेल्याच्या झाकणाएवढं भोक पाडायचं आणि तळहाताएवढे चपटे मासे धरायचे, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. सनफिश, क्रॅपी... आम्ही त्यांना तव्यातले मासे म्हणायचो. ते पकडायला तो गळाला लावायचे चमचे स्वतः घडवायचा. चमचा म्हणजे नखाएवढं पितळी पान, खाली बारीक गळ, गळाला अळीचं डोकं. आमचे वडील दारूबंदी मंडळाच्या बँडमध्ये कॉर्नेट ही पितळी तुतारी वाजवायचे. ते गेले, कॉर्नेट फुटलं, आणि रेइनोने त्याच्या पत्र्याचे चमचे केले. तसा लालसर रंग दुकानातल्या चमच्याला नसायचा.

वडील असे दारूबंदीवाले. रेइनोनेही आयुष्यात थेंब घेतला नाही.

हे लक्षात ठेवा.

आमच्याकडे एक रीत आहे. मोठे पाइक मासे भाल्याने मारणारे बर्फात दाराएवढं भोक कापतात आणि त्यावर अंधारी खोपटी उभी करतात. मोसम संपला की खोपटी ओढून न्यायची, पण जाण्याआधी भोकाभोवती स्प्रूस झाडाच्या फांद्या रोवायच्या. कारण रात्रीत त्यावर पापुद्र्याएवढा बर्फ धरतो. वर हिम पडलं की भोक दिसतच नाही.

फांद्या विसरणं म्हणजे खून. तिथे पोरंसोरंही हे जाणतात.

आदल्या हिवाळ्यात शेजारच्या हाल्वरकाकांनी घाईत खोपटी ओढून नेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेइनो मासे घेऊन घरी निघाला, तो त्या भोकात गेला. लोकांनी त्याला बाहेर काढलं, तेव्हा तो गेलेला होता. चमच्यांची डबी मात्र तळाशी राहिली.

हाल्वरकाका म्हणाले, फांद्या लावल्या होत्या, वाऱ्याने नेल्या. आणि वर म्हणाले, पोराच्या तोंडाला वास येत होता.

लोकांना ते पटलं. पटवून घेणं सोयीचं होतं.

आईला दुसरं काही नको होतं. रविवारी चर्चनंतर सगळे कॉफीला बसतात, तिथे हाल्वरने उभं राहून सांगावं, की फांद्या मी लावल्या नव्हत्या. एवढंच. ती दर रविवारी कप हातात धरून त्यांच्याकडे बघत बसायची. कॉफी गार व्हायची. ते उठायचे नाहीत.

वहिनीची तऱ्हा वेगळी होती. पुढच्या हिवाळ्यात हाल्वरकाकांनी भाला सोडला आणि ते खोपटीत बसून तव्यातले मासे धरू लागले. वहिनी रोज दुपारी त्यांच्या दारासमोर भोक पाडायची. बादली उपडी घालून बसायची. तोंड त्यांच्या दाराकडे.

काका बाहेर आले की टोमणा मारायचे, "साइमा, माझ्या दारात बघून मासा लागत नाही. भोकात बघ."

"मी माशाची वाट बघत नाहीये, काका."

ते हसायचे. पण रोज थोडं कमी.

त्या दिवशी मीही तिच्यासोबत गेले होते. अंधार पडण्याआधीचा थोडा वेळ म्हणजे क्रॅपीची वेळ. चमचा जरा उचलायचा, सोडायचा. तो माशाच्या मरत्या पिल्लासारखा हेलकावत खाली जातो. मग थांबायचं. क्रॅपी खालून येऊन घेते, म्हणून दोर ओढला जात नाही... उलट सैल पडतो. सैल पडला की समजायचं, कोणीतरी आलंय.

त्या संध्याकाळी कोणीच येत नव्हतं.

तळ्यावर आणखी माणसं होती. एकेक जण सामान आवरून गेला. वारा पडला. कावळेही गप्प झाले.

मग खोपटीतून काकांचं हसू ऐकू आलं.

ते क्रॅपी घेऊन बाहेर आले. तिच्या ओठात त्यांचा चमचा होता... आणि शेजारी आणखी एक.

लालसर.

ते म्हणाले, हिने आधीच कोणाचा तरी पळवलाय. वहिनीने तो हातात घेऊन उलटा केला. माझ्याकडे दिला. मागे हातोडीचे बारीक ठोके होते. मी ओळखला.

"काका, हा रेइनोचा आहे."

"मग ठेव. नवऱ्याची आठवण." असं म्हणून ते आत गेले.

थोड्या वेळाने पुन्हा दार उघडलं. दुसरा मासा, दुसरा लालसर चमचा. या वेळी त्यांनी मासा बर्फावर टाकला आणि आमच्याकडे न बघता दार ओढून घेतलं.

मग आणखी एक. तो त्यांनी नुसता दारातून बाहेर फेकला.

आम्हाला एकही लागत नव्हता. त्यांच्या भोकात मात्र रांग लागली होती... आणि प्रत्येकाच्या तोंडात माझ्या वडिलांचं कॉर्नेट.

मी म्हटलं, वहिनी, घरी जाऊ. तिने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की दुसऱ्या दिवशी वळ होते.

मग तो आवाज आला.

टक-टक... टक.

टक-टक... टक.

काकांची गळाची काठी बादलीच्या कडेवर ठेवलेली असावी, आणि तिला खालून कोणीतरी हिसके देत होतं. दोन छोटे, मग दम, मग एक लांब. मासा असं ओढत नाही.

 वहिनी हळूच मला म्हणाली, "आउने, हा त्याचा हात आहे."

खरंच होतं ते. चमचा नाचवायची रेइनोची ती लकब होती. लहानपणी बादलीवर बसून मी तासन् तास ती बघितली होती. फक्त आता तो वरून नाचवत नव्हता.

आवाज थांबला.

आतून काका बोलले. आमच्याशी नाही. खाली बघून बोलतात तसा दबलेला आवाज होता.

"दोर सैल का पडला? ...कोण आहे?"



आणि मग, अगदी साध्या आवाजात, "नव्हत्या लावल्या. फांद्या नव्हत्या लावल्या मी. थंडी होती, ट्रॅक्टर बंद पडत होता, उद्या लावू म्हटलं. आणि तो प्यायलेला नव्हता."

दार उघडलं. हातात कंदील होता. टोपी आतच राहिली होती. वर्षभर ज्या माणसाला मी मनात शिव्या दिल्या, तो समोर उभा होता आणि मला त्याची दया येत नव्हती. खरं तेच सांगते.

वहिनी म्हणाली, "आम्हाला सांगून काय उपयोग? आईंना सांगा."

मला वाटलं ते नाही म्हणतील. पण ते म्हणाले, "चल. आत्ताच सांगतो. रविवारी सगळ्यांसमोरही सांगतो."

आमच्या घराचा दिवा काठावर दिसत होता. ते पुढे निघाले, आम्ही मागे. दुपारी आम्ही आलो तीच वाट. आमच्याच पावलांचे ठसे. घरी परतलेली माणसंही तिथूनच गेली होती.

त्यांचा कंदील हलत हलत पुढे चालला होता.

मग... तो नव्हता.

किंकाळी नाही. पाण्याचा आवाज नाही. कंदील विझला असंही नाही. तो नव्हता, एवढंच.

आम्ही धावत गेलो, आणि वहिनीने मला मागे खेचलं.

वाटेवर भोक होतं.

दाराएवढं. कडा करवतीने कापल्यासारख्या सरळ. हातभर जाड बर्फ, आत काळं, न हलणारं पाणी. एवढा बर्फ कापला तर त्याच्या लाद्या बाजूला पडायला हव्यात. कुठेच नव्हत्या. भुगासुद्धा नव्हता. आमच्या पावलांचे ठसे एका कडेला तुटत होते आणि दुसऱ्या कडेला पुन्हा सुरू होत होते.

वहिनी पोटावर आडवी झाली आणि बर्फ फोडायची पहार पाण्यात धरली. काकांना हाका मारत राहिली. मीही मारल्या. पहारीला कोणी हात लावला नाही.

मग माणसं आली, दोर आले. काका सापडले. काय ते पुढचं मी सांगत नाही.

गावात आम्ही सांगितलं, काकांनी सगळं कबूल केलं होतं. लोकांनी माना खाली घातल्या. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं, असं कोणी तोंडावर बोललं नाही, पण कॉफीच्या टेबलावर आमच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. शेरीफने तर वहिनीचे तळवे उलटून पाहिले, करवतीचे फोड आहेत का म्हणून. नव्हते.

रेइनो प्यायला होता, हीच गोष्ट गावात राहिली. आजही सांगतात.

आईला मात्र आम्ही त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "इकडेच येत होता ना तो?"

"हो."

"स्वतःहून?"

"हो आई."

 ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शाल गुंडाळून काठावर गेली. मी मागून गेले. कडाक्याच्या थंडीत तळ्याचा बर्फ ताणला जातो आणि हंबरतो, लांबवर गाय व्यालीय असं वाटतं. त्या सकाळी तो एकसारखा हंबरत होता. मला तर तो आवाज आनंदाचा वाटला, आणि त्यानेच माझ्या अंगावर काटा आला.

आई तळ्याला ओरडली. लहानपणी रेइनोला ओरडायची, अगदी तशी.

"रेइनो, तो माझा होता. अर्ध्या वाटेत आला होता. तुला मध्ये पडायला कोणी सांगितलं होतं?"

तळं गप्प झालं.

एकदम. कोणी तोंडावर हात ठेवावा तसं.

त्या हिवाळ्यात ते पुन्हा वाजलं नाही. पुढच्याही नाही. आजूबाजूची सगळी तळी थंडीत हंबरायची, फक्त आमचं मुकं. आई होती तोवर, सगळे हिवाळे.

तिला पुरून आम्ही घरी आलो त्या संध्याकाळी पहिला आवाज आला.

आता दर जानेवारीत येतो. वहिनीही गेली. मी एकटीच या घरात आहे. काठावर जाऊन त्याला गप्प बस म्हणावं असं कितीदा मनात येतं.

पण मी धाकटी. माझं त्याने कधीच ऐकलं नाही.