डाव्या पायाचा बूट

वरच्या तळ्यात पाणमांजर आहे, हे सिद्ध करायला आम्ही तिघं निघालो होतो. खरं तर सिद्ध करायचं होतं ते मला, कारण पाहिलं होतं फक्त मी. राखीव जंगलात सुट्टीपुरती पगारी नोकरी लागली, तिच्या दुसऱ्याच आठवड्यात! पाण्यावर एक रेघ उमटली, रेघेच्या टोकाला चपटं डोकं, मिशांवर उन्हाचे मणी... आणि बुडुक! कार्यालयातल्या साहेबांनी नोंदवहीत लिहिलं, ‘बहुधा ओंडका.’

ओंडक्याला मिशा असतात का हो?

आता नोकरीचा शेवटचा दिवस उजाडला होता. सोमवारी बैठक होती. पुरावा नाही मिळाला, तर पुढच्या महिन्यापासून वरच्या तळ्यात सहलीच्या मोटारबोटी फिरणार होत्या. पण दहा दिवसांपूर्वी आम्ही तिथे आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधून आलो होतो. समोर काही हललं की तो टिपणार. सगळी भिस्त त्याच्यावर.

“बूट!” वनरक्षक मावशींनी फाटकाशी हुकूम सोडला. जाताना, येताना तळवे ब्रशने खरवडल्याशिवाय फाटक ओलांडायचं नाही. उपऱ्या तणाचं बी म्हणे बुटाला चिकटूनच गावं पालथी घालतं.

माझा जोडीदार शिडी तळवे घासता घासता म्हणाला, “बाबा विचारतात, गवत उपटायचा पगार देणारा वेडा कोण?” त्याची उंची बघून पहिल्याच दिवशी मी त्याला शिडी करून टाकलं होतं.

“त्यांना म्हणावं, या एक दिवस,” मावशी म्हणाल्या. “संध्याकाळी कंबरच उत्तर देईल. आणि तीनच्या आत दलदलीबाहेर पडायचंय. तीनला बंधाऱ्याची दारं उघडतात, सगळं पाणी दलदलीत शिरतं.”

ओढ्याच्या काठाकाठाने दोन तास चाललो. पाणी दगडांशी गुजगोष्टी करत होतं, झाडांच्या सावल्या अंगावरून मऊ हात फिरवत होत्या. मी मात्र दर वळणाला काठ न्याहाळत होते.

“दगडावर शी दिसली तरी चालेल,” मावशी म्हणाल्या. “पाणमांजर उंच, उठून दिसणारी जागा बघून तिथे करतं. ‘हे घर माझं’ असं सांगायला. पण वरच्या तळ्याला दगडच नाही एक. नुसता राबडा.”

तो राबडा आलाच! काळा, चकचकीत, निष्पाप दिसणारा. मी घाईघाईत मावशींच्या पुढे पाऊल टाकलं. घोटा गेला. गुडघा गेला. मांडी गेली!

“शिडी!”

त्याने हात धरून हिसका दिला. मी आणखी खाली गेले.

“थांब! हिसका नाही!” मावशी ओरडल्या. “दोन महिने काय शिकवलं तुम्हाला?”

त्या चिखलावर आडव्या पडल्या, माझ्या काखेत हात घातले आणि तण उपटताना म्हणायचो तीच ओवी हळू आवाजात म्हणू लागल्या.

“हलव गं हलव, मातीला बोलव,
मुळाच्या गाठीला हळूच सोडव.”

मी पाय हलवू लागले. डावीकडे. उजवीकडे. पुन्हा डावीकडे. चिखल सुस्कारला. पच्च! मी बाहेर!

“मूळ राहिलं की!” शिडी खिदळला. माझा डावा बूट वर येता येता पायातून सुटला होता आणि उलटा चिखलात रुतला होता. टाच तेवढी वर.

“राहू दे, आता वेळ नाही, येताना बघू,” मावशी म्हणाल्या. पायाला पिशवी बांधून मी लंगडत निघाले.

कॅमेरा जागेवर होता! शिडीने त्याचा छोटा पडदा उघडला. फोटो तीन हजार एकशे बारा. पहिला फोटो गवताचा. दुसरा गवताचा. शंभरावा, हजारावा, शेवटचा... सगळे गवताच्या एकाच काडीचे! वारा आला की ती डुले, डुलली की कॅमेरा टिपे. दोन दिवसांत कार्ड भरून गेलं होतं.

“ही काडी काढूया म्हटलं होतं मी,” शिडी हळूच म्हणाला.

हो, म्हटलं होतं. आणि मीच त्याचा हात धरला होता. ‘हे उपरं तण नाही, आपलं गवत आहे. आपलं उपटायचं नाही.’ दोन महिन्यांत नेमका हाच धडा मी पक्का गिरवला होता.

तिघंही कॅमेऱ्यावर डोकं टेकून बसलो. मावशींनी घड्याळ पाहिलं. “पावणेतीन झाले. चला.”

परतताना दूर कुठेतरी लोखंड करकरलं. दारं उघडली होती! लव्हाळ्यातून पाणी सरसरत आलं, राबडा चमकू लागला.

“बूट गेला समज!” शिडी म्हणाला.

पण तो दिसत होता. सपाट चिखलात तेवढीच एक उंच जागा. आणि टाचेवर... काय होतं ते? सकाळी नव्हतं!

मी पोटावर झोपले. सरपटले. पाणी कोपराला लागलं. “मागे ये!” मावशी ओरडल्या. आणखी एक वीत! बोटं टाचेला लागली. हिसका नाही. हलव गं हलव...

बूट निघाला! टाचेवर काळपट, ओली विष्ठा होती. तिच्यात माशांचे खवले उन्हात लुकलुकत होते, खेकड्याच्या नांगीचा तुकडाही होता. वास तर असा की शिडी दहा पावलं मागे पळाला.

मावशींनी मात्र नाक जवळ नेलं आणि डोळे मिटले. “अगं बाई,” त्या कुजबुजल्या, “त्याला दगड हवा होता. तू दिलास.”

म्हणजे आम्ही कॅमेऱ्यावर डोकं टेकून बसलो होतो, तेव्हा ते इथेच होतं. कुठून बघत असेल? मी लव्हाळ्याकडे पाहिलं. पात्यांमध्ये एक रेघ हलली, की वारा होता?

फाटकाशी मी सवयीने ब्रश उचलला. मावशींनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

“हा नाही धुवायचा,” त्या म्हणाल्या आणि बूट दोन पिशव्यांत गुंडाळला.

सोमवारी तो बैठकीच्या टेबलावर गेला. साहेबांनी पिशवी उघडली, वाकून पाहिलं, घाईने नोंदवहीतला ‘ओंडका’ खोडला, मोटारबोटींचा कागद बाजूला सारला आणि मग खोलीतल्या सगळ्या खिडक्या एकेक करून उघडल्या.