पाणी खरं वाटायला हवं

पोहण्याचे सर पाचव्यांदा स्टुडिओच्या दारात दिसले, तेव्हा फोटो दुरुस्त करणाऱ्या ताईने मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. काम तसं साधं होतं. सरांचा पोहण्याचा तलाव चार वर्षं बंद होता, आणि आता तो बुजवून तिथे गाड्या लावायची जागा होणार होती. त्याआधी सरांनी काठावर उभं राहून समोरून एक फोटो काढून घेतला होता. तलाव कोरडा ठणठणीत, तळाच्या फरश्या उखडलेल्या. त्यात फक्त पाणी भरून द्या, एवढीच त्यांची मागणी. आठवण म्हणून हवा असेल, असं समजून ताईने तासाभरात निळंशार पाणी भरून दिलं होतं.

पण सरांना पसंत पडेल तर शपथ. पहिलं पाणी म्हणे फार निळं. दुसऱ्यात लाटा जास्त. तिसरं प्लॅस्टिक अंथरल्यासारखं. चौथ्याला खोलीच नाही. लग्नाचे तीन अल्बम तसेच पडून होते, माऊसचं बटण अडकत होतं, आणि मालक आतून सांगत होते, जुनं गिऱ्हाईक आहे, सांभाळून घे. सांभाळून घेणाऱ्याचं डोकं उठतं, ते मालकांना कुठे दिसत होतं.

"पाण्यात काही दिसतच नाही," आज सर म्हणाले. "खऱ्या पाण्यात दिसतं."

म्हणजे यांना प्रतिबिंब हवं होतं. मग पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं, हे शब्द ताईने कसेबसे गिळले. तिने सरांना शेजारी बसवलं. काठ, भिंत, उडी मारायची फळी आणि सर, असा फोटोचा वरचा भाग उचलून तिने उलटा पाण्यात ठेवला, जरा पुसट केला, वर बारीक तरंग चढवले. भर दुपार होती. बाहेर गाड्यांचे हॉर्न चालू होते. खोलीत मात्र क्लोरीनचा वास येत होता, चांगला नाकात झोंबणारा.

मग तिचा हात थांबला. काठावरचे सर समोर बघत उभे होते, हाताची घडी घालून. पाण्यातल्या सरांची पाठ दिसत होती.

भलताच थर चालू राहिला असणार, असं पुटपुटत ताईने सगळं पुसलं आणि पुन्हा केलं. पुन्हा पाठच. वैतागून तिने प्रोग्राम बंद केला, उघडला, मूळ फोटो नव्याने घेतला. तरीही पाठ. आणि आता उजवा हात कानाशी.

मशीनला चार शिव्या द्यायला तिने तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. शेजारी सरांचा श्वास मोठा झाला होता.

"सर... तुमचा असा फोटो माझ्याकडे नाहीच आहे."

सरांनी पडद्यावरच्या त्या हातावर बोट ठेवलं.

"फोन आला होता," ते अगदी हळू म्हणाले. "दोन मिनिटं... फार तर तीन. चौकशीत मी सांगितलं, नजर पाण्यावरच होती."

पुढचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. एकोणीस वर्षांची मुलगी होती, शिकायला येऊन आठवडाही झाला नव्हता. खोल बाजूला गेली आणि बुडाली. कागदावर चूक तिचीच ठरली, आणि तिच्या आईला चार वर्षं तेच ऐकावं लागलं. पुसून टाकते, ताई म्हणाली.

"नको, ताई. असाच छापून द्या. तिच्या आईला दाखवायचाय."

चार दिवसांनी एक बाई स्टुडिओत आल्या आणि त्यांनी पिशवीतून तोच फोटो काढून टेबलावर ठेवला. सर घरी येऊन सगळं कबूल करून गेले, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. ना रडल्या, ना सरांना बोल लावला. हे पाणी ज्या हातांनी केलं, त्यांना भेटायला आले, म्हणाल्या. मग त्यांनी फोटोतल्या खोल कोपऱ्यावर बोट टेकवलं.

"सरांनी फोटो दिला, तेव्हा ती इथे होती."

ताईने वाकून पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं. पण तिने चढवलेले तरंग सगळीकडे सारखे होते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आता त्या कोपऱ्यापासून पाण्यात एक रेघ उठली होती, मागे मागे फाकत गेलेली, पोहणाऱ्याच्या मागे उठते तशी. ती सरळ सरांच्या पायांकडे निघाली होती, आणि काठ जेमतेम दोन बोटं उरला होता.

"तेव्हा धड तरंगताही यायचं नाही तिला," आई कौतुकाने म्हणाल्या. "आता बघा ना... कसे हात मारतेय. उद्यापर्यंत काठाला लागेल."