दगडफुलांची वाट

“हे घे तुझं निळं तळं!” बुटातला चिखल ओतत एमरी बहिणीवर ओरडला. “गेल्या वर्षी माझ्या पार्कात घोड्याएवढं मूस हरीण दिसलं होतं, मूस! आणि तुझ्या पार्कात काय, तर डास!”

डेल्फीनचे डोळे भरून आले. दर उन्हाळ्यात घरातल्या एका मुलाने पार्क निवडायचे आणि ते सगळ्यांना आवडले, तर त्या पार्कचे नाव आजोबांच्या जुन्या वल्ह्यावर कोरायचे, ही थिबोडो घराची रीत. यंदा पाळी डेल्फीनची, पहिलीच! हिवाळाभर नकाशावर नाक टेकवून तिने हेरॉन रिज निवडले होते. उघड्या खडकाचा माथा, त्यावर रानातल्या ब्लूबेरी, पलीकडे तळे... पण सकाळी माथ्यावर सगळेच वाट चुकले आणि थेट दलदलीत उतरले!

“आताच तंबू गुंडाळू आणि समुद्रावर जाऊ,” जोसी मावशी म्हणाली.

“मावशी, संध्याकाळपर्यंत थांब ना गं! मी शोधते वाट!”

“जाऊ दे तिला,” पेपेर म्हणाले. आजोबांना सगळी मुले पेपेरच म्हणत. “एमरी, ओटिस, तुम्हीही जा. शिट्ट्या गळ्यात घाला!”

माथ्यावर झाडच नाही, म्हणून तिथे दगडांच्या उतरंडी वाट दाखवतात. एकीपासून दुसरी दिसते, दुसरीपासून तिसरी. पण इथे तर उतरंडी चहूकडे!

“कुठलीचं ऐकायचं?” एमरी वैतागला.

धाकटा ओटिस आपल्याच नादात होता. तोंडात ब्लूबेरी आणि ओठांवर पेपेरचे चालतानाचे गाणे:

“दगडा रे दगडा, वाट सांग मला,
ऊन-पाऊस किती रे झेलला?
डोईवर ज्याच्या दगडफूल फुले,
त्याच्याच मागे चालावी मुले!”

“थांब!” डेल्फीन किंचाळली. “परत म्हण!”

ती धावतच पहिल्या उतरंडीपाशी गेली. दगडांवर करड्या-हिरव्या दगडफुलांची झालर होती. मग दुसरी पाहिली. तिचे दगड गोल, गुळगुळीत, धुतलेल्या बटाट्यांसारखे! वरचा उचलला, तर खालून ओला.

“हे ओढ्यातले गोटे आहेत! कुणीतरी आजच वर आणलेत! दगडफूल धरायला वर्षं लागतात, म्हणजे दगडफुलांची उतरंड तीच खरी!”

तेवढ्यात खडकाआडून हसणे ऐकू आले. नारिंगी टोपीतले एक काका दगडावर दगड रचत होते आणि एक काकू फोटो काढत होत्या.

“काका, अहो, उतरंडी वाटेसाठी असतात,” डेल्फीन म्हणाली. “तुमच्यामुळे लोक दलदलीत जातात!”

“चार दगडांनी काय होतंय गं? जा, ब्लूबेरी खा!”

“बरं! पण गाडीकडे जायची वाट ठाऊक आहे ना?”

“त्यात काय? उतरंडींमागे जायचं!” म्हणत दोघे निघाले.

मुलांनी खडकावर बैठक मारली. ओटिसची जीभ पार निळी झाली, तेव्हा दलदलीकडून दोन चिखलाचे पुतळे धापा टाकत वर आले.

“अरे देवा! पुन्हा इथेच?” काकू रडकुंडीला आल्या.

“या, या!” एमरी म्हणाला. “डास कसे आहेत खालचे?”

“वाट आम्ही दाखवतो,” डेल्फीन म्हणाली, “पण रिकाम्या हाताने यायचं नाही. तुमच्या उतरंडी मोडा आणि गोटे ओढ्यात परत ठेवा. पालीसारखे इवले सॅलमँडर राहतात त्यांच्याखाली!”

काकांनी टोपी भरली, काकूंनी कॅमेऱ्याची पिशवी. खेपांवर खेपा झाल्या. शेवटी काका घाम पुसत म्हणाले, “चुकलं बाळांनो. एवढा विचारच केला नव्हता आम्ही.”

आता माथ्यावर उरली एकच ओळ, दगडफुलांची. संध्याकाळी त्या ओळीमागून सगळे घर चालले. पेपेर काठी टेकत, गुडघा सांभाळत सर्वांत मागे. शेवटची उतरंड ओलांडली आणि... तळे! निळेशार! दूर एका लून पक्ष्याने लांबलचक साद घातली. मावशीने बूट काढून पाय पाण्यात सोडले. समुद्राचे नाव काही तिच्या तोंडून निघाले नाही.

परतताना भेटलेल्या पार्कच्या रेंजरबाईंना मुलांनी गाण्यासकट सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, “शाब्बास! सकाळपासून लोक का चुकताहेत, ते मला कळेना! आजोबा, ते गाणं वाटेच्या सुरुवातीला फळ्यावर लिहू का?”

“लिहा की! पण अर्थ लावला माझ्या नातीने,” पेपेर म्हणाले. “मी नुसताच गात होतो इतकी वर्षं!”

शेकोटीपाशी त्यांनी वल्हे काढले आणि चाकू एमरीच्या हाती दिला. एमरीने मान खाली घालून हेरॉन रिज कोरले.

“शेजारी डास काढू?” त्याने हळूच विचारले.

“काढ ना! आणि तुझ्या बुटातला चिखलही!”

एमरी हसला. त्याने काढले मात्र एक इवलेसे दगडफूल.