मास्तरांचे वाचणे बाकी

दिवाळीच्या सुट्टीत वाचायला भुताचे पुस्तक सुचवा म्हणता, पोरांनो? सुचवतो. मात्र यादी करणाऱ्याने पुस्तके वाचलेली असतात, असे समजू नका. पस्तीस वर्षे कचेरीत न वाचता सह्या होताना पाहिल्या आहेत मी.

शहाद्यात आपल्या वाचनालयाचा चिटणीस होता माझा मित्र रिखबचंद. सन त्रेचाळीस, अशीच धनत्रयोदशी. मुलांसाठी त्याने फळ्यावर भुताच्या पाच पुस्तकांची यादी लिहिली. अजून तीच आहे. वाचनालये सुधारत नाहीत. पहिले पुस्तक त्याने न वाचताच चौदा वर्षांच्या बहिणीला, सोहनला दिले.

रात्री नऊला कुलूप लावताना शिपाई सुकरामने विचारले, "शेट, ते पुस्तक कोठे शे?"

"सोहनने नेलं."

"घात व्हयना! मास्तरनं वाचनं बाकी शे."

हे मास्तर वर्षापूर्वी वारले होते. हेच पुस्तक छातीवर, त्र्याऐंशीवे पान उघडे. रॉकेल रेशनवर, म्हणून तेव्हा वाचनालयात एका कंदिलाखाली दोघे मिळून एक पुस्तक वाचत. मागे राहिलेल्याने 'हं' म्हटले की पान उलटायचे. मास्तर सर्वांत सावकाश. 'हं'च्या आधी पान हलले, की पोराच्या मनगटावर लाकडी पट्टी. विद्येवर फार प्रेम.

रिखबचंद हसला. घरी निघाला. आधी चालत... मग पळत.

माडीवर कंदील. सोहन एकटी, दाराकडे पाठ करून.

"हं."

आवाज म्हाताऱ्याचा होता.

तिने पान उलटले. मागे न बघताच म्हणाली, "भाईसा, किती हळू वाचता तुम्ही!"

रिखबचंद तर दारात होता.

ब्याऐंशी, त्र्याऐंशी. तिचे वाचून झाले. ती थांबली. 'हं' येईना... तिने पानाखाली बोट घातले.

"सोहन, उलटू नको!"

सट्!

ती किंचाळली. मनगटावर लाल वळ, दोन बोटे रुंद. खोलीत तिसरे कोणी नव्हते.

तिला ओढतच त्याने खाली आणले. पुस्तक वरच राहिले. सकाळी ते पंचाऐंशीवर उघडे होते. पानाचा कोपरा थुंकीने ओला.

त्याने ते वाचनालयाच्या कपाटात कोंडले. आता चिटणीस मी, किल्ली माझ्याकडे असते. काल उघडले...

पुस्तक शेवटच्या पानावर उघडे होते.

समोरची पोरे जवळ सरकली.

"यादीतले दुसरे पुस्तक कोणी नेले आहे?" मी विचारले.

गोवालने पिशवीतून काढले. "आज संध्याकाळीच घेतलं, काका. अजून उघडलंसुद्धा नाही."

मी उघडले.

पहिल्या पानाचा कोपरा ओला होता.