वयाचा उतार

हेमराज दळवीने बायकोला केसांना धरून वयसंतुलन केंद्रात ओढत आणलं आणि खुर्चीत आदळलं. केतकीचा ओठ फाटला होता, डावा हात गळ्यात बांधलेला होता. डॉक्टर इरावती टिळेकर मध्ये पडल्या, तर त्याने त्यांचाच गळा धरून त्यांना यंत्राच्या पत्र्यावर दाबलं.

"कायदा माझ्या बाजूने आहे, बाई. कामाला लागा."

आजवर कायदा खरंच त्याच्या बाजूने होता. हे यंत्र दोघांचं रक्त एकमेकांत फिरवून ताज्या शरीरातला जोम थकलेल्या शरीरात उतरवायचं. वर्षाला एकच बैठक, एका बैठकीत पाच वर्षं. आयुष्याची खरेदी-विक्री होऊ नये म्हणून सरकारने ही सोय फक्त नवरा-बायकोंना दिली. ज्याचं शरीर जास्त थकलेलं, त्याला बैठक मागायचा हक्क. दुसऱ्याला नकार देता येत नसे. मग बाजार लग्नातच भरला. वयातलं अंतर हीच मालमत्ता झाली. सत्तरीच्या हेमराजने तेविशीच्या केतकीसाठी तिच्या वडिलांच्या नावावर आख्खा कारखाना करून दिला होता.

तीन बैठका तिने निमूट सोसल्या. नंतर ती पळाली. त्याने माणसं पाठवून तिला परत आणवलं आणि वर्षभर कोंडून ठेवलं. आधी पट्टा, मग सळई. बरगड्या मोडल्या, जुळल्या, पुन्हा मोडल्या. इरावतींनी पोलिसांत तक्रार केली, तेव्हा नवरा-बायकोच्या भानगडीत पडू नका, असं त्यांनाच सुनावण्यात आलं.

गळा चोळत त्या म्हणाल्या, "यंत्र जन्मतारीख बघत नाही, दळवी. पेशी किती झिजल्यात ते बघतं. दोन टाक्या नळीने जोडल्या तर पाणी चढावर जात नाही."

"मला शिकवू नका. ती सत्तावीस वर्षांची आहे." तो शेजारच्या खुर्चीत बसला आणि त्याने स्वतःच पट्टे आवळून घेतले.

इरावतींनी वयमापक पाहिला. हेमराजचं शरीर अठ्ठावन्न वर्षांचं. केतकीचं? मार, उपास आणि जागरणांनी पेशी जळत गेल्या होत्या. आकडा अठ्ठ्याहत्तर होता.

एरवी त्यांनी तो मोठ्याने वाचला असता. आज त्यांनी कळ दाबली.

थोड्याच वेळात हेमराज किंचाळायला लागला. पट्ट्यांना हिसडे देऊन त्याच्या मनगटांची सालं निघाली. थांबवा, म्हणून तो शिव्या देत राहिला, मग गयावया करू लागला. पण रक्त एकदा मिसळलं की मध्येच थांबवण्यात दोघांचा जीव जाणार होता. पट्टे सुटले तेव्हा तो खुर्चीतून लादीवर कोसळला. देणाऱ्याला त्यानंतर कित्येक दिवस उठवत नसे. हे केतकीला तीनदा कळून चुकलं होतं.

ती उठली. तिच्या गालांवर रंग आला होता. ती जवळ येताना पाहून त्याने कोपराने तोंड झाकलं. पण तिने हात उगारला नाही. तिने वयमापकाकडे पाहिलं. हेमराज त्रेसष्टचा झाला होता, आणि ती अजून सत्तरीच्या पुढेच होती.

"म्हणजे पुढच्या वर्षीही हक्क माझाच ना, डॉक्टर?"

इरावतींनी होकारार्थी मान हलवली.

केतकी त्याच्याजवळ उकिडवी बसली आणि त्याच्या मनगटावरचं रक्त पदराने पुसू लागली.

"मी यांना मारणार नाही," ती म्हणाली. "वर्षभर चांगलं जपेन. वेळेवर जेवण, पुरेशी झोप. यांच्यातलं एक वर्षही मला वाया घालवायचं नाही."