एका शनिवारी एकच धडा

निशिगंधाच्या झेरॉक्सच्या दुकानात विनीत पहिल्यांदा शिरला तो आधारकार्डाची प्रत काढायला, आणि थबकला तिच्या स्क्रीनवरचा मासे पकडायचा खेळ बघून.

"हा... हा फ्लॅशचा ना? लहानपणी खेळायचो. आता ब्राउझरमध्ये उघडतच नाही."

"ब्राउझरला जमत नसेल. मला जमतं," ती मान वर न करता म्हणाली. जुने खेळ आणि हलती चित्रं चालवणारं फ्लॅश बंद झालं, तरी त्याचं सोंग हुबेहूब वठवणारा एक छोटासा प्रोग्राम तिच्याकडे होता. पोलादपूर स्टँडसमोर तो दुसऱ्या कुणाकडे नाही, याचा तिला भारी तोरा होता.

विनीत कुडपणच्या शाळेत शिक्षक. दसरा झाल्यावरच्या शनिवारी, महाडला घरी जाता जाता, तो पुन्हा उतरला. जुन्या सीडीतला, फ्लॅशवरच चालणारा हृदयाचा धडा पेनड्राइव्हवर घेऊन. तिने तो चालवला, लाल-निळं रक्त धावू लागलं, आणि हे महाशय स्क्रीन सोडून तिच्याकडेच बघत राहिले. मग दर शनिवारी एक धडा, शाळेत दाखवायला तिने व्हिडिओ करून दिलेला. ग्रहणं, पचनसंस्था, ज्वालामुखी... तिने तो प्रोग्रामच देऊन टाकला असता, तर सगळे धडे थेट शाळेतच चालले असते. तिने दिला नाही. आवडत होता तो तिला, त्यात लपवायचं काय!

पण आठव्या शनिवारी घरून फर्मान आलं, उद्या अकराला पाहुणे तुला बघायला येतायत. आज हा बोलला नाही, तर संपलंच. त्यात सकाळी कुडपणची आवडीकाकी दाखल्याची झेरॉक्स काढायला आली.

"काकी, गुरुजी कॉम्प्युटरवर धडे दाखवतात ते आवडतात का पोरांना?"

"कसले धडे गो? शाळंतला काम्पुटर गणपतीपासनं बंद हाय."

म्हणजे पहिल्या धड्याच्याही आधीपासून! निशिगंधा दुपारपर्यंत गालातल्या गालात हसत होती.

दुपारी विनीत आला. त्याने पेनड्राइव्ह पुढे केला. तिने तो घेतला नाही, उलट दुसरा त्याच्या हातावर ठेवला.

"यात प्रोग्राम आहे. उरलेले धडे शाळेतच चालवा. आता इथे यायची गरज नाही."

 हा 'थँक यू' म्हणून निघून गेला तर?

"पण... शाळेतला कॉम्प्युटर जरा..."

"गणपतीपासून बंद आहे. कळलं मला. मग कशासाठी येत होतात, गुरुजी?"

त्याचे कान लाल झाले. बाहेर महाडची गाडी लागली होती, तिकडे त्याने पाहिलंही नाही.

"तुमच्यासाठी," तो म्हणाला. अगदी स्पष्ट.

"उद्या अकराला मला बघायला येतायत."

"मी... आई-बाबांना घेऊन नऊला आलो तर?"

निशिगंधाने त्याच्यासमोरच फोन लावला.

"आई, उद्याच्या पाहुण्यांना नको म्हणून कळव... नाही गं, पोहे मात्र कर. नऊ वाजता मीच एकाला बोलावलंय."